टाकीतली पंगत

मामा टाकीशी बोलायचे नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण कंपनीत त्यांच्याबद्दल ज्या गोष्टी सांगितल्या जायच्या त्यात 'ते टाकीशी बोलतात' ही पहिली असायची, आणि सांगणाऱ्यांपैकी निम्मे लोक कधी टाकीपर्यंत फिरकलेलेच नसायचे. मामा टाकीला कान लावायचे. सकाळी आल्या आल्या टोपी काढून डावा कान पत्र्याला टेकवायचा, डोळे मिटायचे आणि मिनिटभराने टोपी घालून म्हणायचे, "जेवत्यात." किंवा, क्वचित, "आज रुसलीत." एवढंच बोलणं, आणि तेही मला उद्देशून.

आमचा कारखाना दिंडोरीच्या पुढे, वणीच्या रस्त्याला. टोमॅटोची पेस्ट, आंब्याचा गर, डाळिंबाचा रस, हंगाम असेल तसं काय काय निघायचं. फळं धुतलेलं, यंत्रं धुतलेलं सगळं पाणी मागच्या बाजूला आमच्याकडे यायचं. लालसर, आंबूस, डोळ्यांना झोंबणारं. ते एका उंच, बंद टाकीत खालून वर चढवायचं. टाकीत हवा नाही, उजेड नाही, आणि तळाशी काळ्या गाळात मोजता येणार नाहीत इतके जंतू. ते पाण्यातली घाण खातात, त्याचा गॅस होतो, गॅस बॉयलरला जातो, आणि पाणी बरंचसं निवळून पुढच्या टाक्यांत जातं. मी तिथली केमिस्ट, रोज नाशिकहून कंपनीच्या बसने यायची. मामा ऑपरेटर, सातवी पास, कारखान्याच्या खाली नाल्याकाठी जे गाव आहे तिथले. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण ते तिथेच राहिलं. सगळ्यांचे ते मामाच.

एम.एस्सी.ला मला जे एक अख्खं सत्र शिकवलं होतं ते मामांनी पहिल्या दिवशी पाच मिनिटांत सांगितलं, आणि कबूल करायला जिवावर येतं, पण मला ते कळलं तेव्हाच. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे टाकीत तीन पंगती बसतात. पहिली दांडग्यांची. ते मोठमोठे तुकडे तोडून बारीक करतात. दुसरी पंगत ते बारीक खाते आणि सगळं आंबट करून ठेवते. तिसरी पंगत बायकांची, लग्नात शेवटी बसते तशी. हळू खाते, लाजते, जरा काही इकडचं तिकडे झालं की हात आखडते, पण ते सगळं आंबट तीच उचलते आणि तिच्यामुळेच गॅस होतो.

"पयल्या दोन पंगतींना काय, कितीबी वाढा," मामा म्हणाले. "तिसरी उपाशी उठली की समदा मांडव आंबला."

बायकाच शेवटी का, हे मी विचारलं नाही. नवीन होते. पुढे एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, चुकतंच ते, पण टाकीत आपलं चालत नाही.

वाढपाच्या बाबतीत मात्र त्यांचंच चालायचं. पंप किती उघडायचा याचा तक्ता मी करून भिंतीला लावला होता. मामा तक्ता आदराने वाचायचे, कान लावायचे आणि मग स्वतःला वाटेल तेवढा पंप उघडायचे. संध्याकाळी मी आम्लाचं प्रमाण काढलं की आकडे त्यांच्या बाजूने निघायचे. याचा मला भयंकर राग यायचा. एप्रिलमध्ये, टोमॅटो संपलेला आणि आंबा यायचा असताना, कारखान्यातून पाणीच येत नसे. तेव्हा मामा टाकीसाठी काळा गूळ मागवायचे. स्टोअरच्या मागणीपत्रावर 'कशासाठी' असा रकाना होता. मी त्यात मोठं शास्त्रीय वाक्य लिहायची. मी रजेवर असताना मामांनी एकदा तो स्वतः भरला. 'जेवणासाठी' असं लिहिलं. स्टोअरवाल्याने गूळ कँटीनला पाठवला, आणि आठ दिवस कामगारांना चहा गुळाचा मिळाला.

दसऱ्याला सगळ्या यंत्रांना झेंडूचे हार पडायचे, टाकी सोडून. हार घेऊन आलेल्या पोरांना मामा हात दाखवून परत पाठवायचे. आत माणसं आहेत, ही मशीन नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मग माणसांना दसरा नसतो का, असं कुणीतरी विचारलं. त्या दिवशी टाकीला वाटीभर गूळ मिळाला.

आता सोमवारच्या पाण्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

ही टाकी होण्याआधी कारखान्याचं पाणी तसंच नाल्यात जात असे. नाल्याकाठच्या विहिरी बिघडल्या. मामांची विहीर पहिली. पाणी तांबूस झालं, त्याला तवंग यायला लागला, गुरं तोंड लावेनात. गावातले काही लोक गेटवर आले, त्यात मामा बाटली घेऊन पुढे होते. पुढे टाकी बांधली गेली आणि मामांना नोकरी मिळाली. तोंड बंद करायला दिली, हे ते स्वतःच सांगायचे, अगदी निर्विकारपणे. नोकरी त्यांनी घेतली, पण बाटली आणायची सोडली नाही. दर सोमवारी सकाळी विहिरीचं पाणी घेऊन लॅबमध्ये यायचे, चहाचे दोन कप काढायचे, दोन्हीत पाणी ओतायचे. एक स्वतः प्यायचे. दुसरा माझ्यासमोर ठेवायचे आणि कान लावायला टाकीकडे जायचे.

मी ते पाणी कधी प्यायले नाही. ते वळले की बेसिनमध्ये ओतून द्यायची. त्या पाण्याची तपासणी मीच करायची, ते चांगलं आहे असा रिपोर्ट मीच सही करून द्यायची. रिपोर्टवर माझा विश्वास होता, पाण्यावर नव्हता. सात वर्षं मी दर सोमवारी कप रिकामा करून, विसळून उपडा ठेवत आले. मामा परत आल्यावर कपाकडे बघायचे आणि बाटली उचलून जायचे.

मामांच्या एका हट्टापायी आमचे साहेब त्यांच्यावर कायमचे नाराज होते. साहेब म्हणजे प्लँट मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण त्याला प्रत्येक गोष्टीचा कागद लागायचा. झालं असं की चांदवडच्या अलीकडे बटाट्याचे वेफर्स करणारा एक कारखाना आहे, त्यांनी नवीन टाकी बांधली. नव्या टाकीत जंतू कुठून आणायचे? चालू टाकीतला जिवंत गाळ नेऊन सोडावा लागतो. दुधाला विरजण लावतात तसंच, आणि मामा त्याला विरजणच म्हणायचे. तर ते लोक टँकर घेऊन आले, पण रस्त्यात उशीर झाल्याने पोचले दिवे लागायला. मामांनी चक्क नाही म्हटलं. दिवेलागणीनंतर घरातलं विरजण कुणाला देत नाहीत, सकाळी या. ते लोक चिडले, साहेबांना फोन गेला. मामा हलले नाहीत. सकाळी ते आले तेव्हा मामांनी टँकर भरून गाळ दिला, तोही साहेबांनी ठरवलेला दर न विचारताच, फुकट. विरजणाचे कुणी पैसे घेतं का, असं म्हणाले. फक्त त्यांच्या ऑपरेटरला बाजूला घेऊन सांगितलं, की गोड घाल, उपाशी ठेवू नको, आणि कुणी मागायला आलं तर नाही म्हणू नको.

साहेबांनी मामांना मेमो दिला. कंपनीची मालमत्ता परस्पर दिल्याबद्दल वगैरे. मामांनी तो चार घड्या करून लॅबच्या लंगड्या स्टुलाच्या पायाखाली सारला. स्टूल तेव्हापासून हललं नाही. मीही मनातून साहेबांच्या बाजूची होते. दिवेलागणी काय, विरजण काय! शिकलेल्या माणसाने हे ऐकून घ्यायचं म्हणजे कमाल होती.

मग ते ऑडिट आलं.

परदेशातलं कुणी मोठं गिऱ्हाईक आमची पेस्ट घेणार होतं, त्याची माणसं कारखाना बघायला यायची होती. आठवडाभर रंगरंगोटी चालली. मामांना साहेबांनी त्या दिवशी रजा घ्यायला सांगितलं. कान लावणारा माणूस पाहुण्यांना दाखवायचा नव्हता, हे उघड होतं. मामा मुलीकडे गेले, ती चांदवडलाच दिलेली. आदल्या संध्याकाळी साफसफाईच्या सुपरवायझरने मला विचारलं, की सगळ्या गटारांत हायपो ओतून धुवायचंय, चालेल ना? हायपो म्हणजे जंतू मारायचं क्लोरिनचं पाणी. मी हिशेब केला. एवढा हायपो, रोजचं एवढं पाणी, त्यात तो इतका पातळ होतो की टाकीला काही होत नाही. चालेल म्हटलं. टाकीकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करायची गरज नाही, असंही वर सांगितलं.

हिशेब बरोबर होता. पण ऑडिट म्हणून त्या दिवशी कारखाना चालणारच नव्हता. म्हणजे पाणीच नव्हतं. आणि टाकीच्या आधीचा मोठा हौद, जिथे सगळं पाणी आधी एकत्र होतं, तो घाण दिसतो म्हणून रिकामा करून घासून लख्ख केला होता. घाण पाण्याचा हौद आम्ही पाहुण्यांसाठी घासला. हायपोला अडवायला वाटेत काहीच राहिलं नाही. तो तसाच्या तसा तिसऱ्या पंगतीच्या पानात वाढला गेला.

पाहुणे खूष होऊन गेले. दुसऱ्या दिवशी टोमॅटोचे ट्रक नेहमीसारखे आले, पूर्ण लोड टाकीत गेला. मामांनी कान लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग टोपी हातातच ठेवून म्हणाले, "मॅडम, कुनी जेवंना."

तीन दिवसांत टाकी आंबली. गॅस बंद, वरून फेस, आणि व्हिनेगरसारखा वास थेट गेटपर्यंत. मला कळलं होतं काय झालं ते. पहिल्याच तासात कळलं होतं. पण मी कुणाला बोलले नाही. रजिस्टरमध्ये 'कारण अज्ञात' असं लिहिलं, माझ्या अक्षरात. मामा पाच दिवस चुना घालून आंबटपणा मारत राहिले. त्या आठवड्यात सोमवार आला तेव्हा त्यांनी कप एकच काढला आणि तो स्वतः प्यायले.

येणारं पाणी साठवणतळ्यात वळवलं होतं. ते भरत आलं. साहेब आले, काठाकडे बघितलं आणि मला म्हणाले की उद्या दुपारपर्यंत तळं भरेल. बारा वाजता ते नाल्याचा व्हॉल्व्ह उघडणार. चार दिवसांचा प्रश्न आहे, हंगाम ऐन भरात आहे, बाहेर ट्रकांची रांग आहे, ती माघारी पाठवू का? मामा मागेच उभे होते. नाल्याचा व्हॉल्व्ह उघडला की ते पाणी पहिल्यांदा कुणाच्या विहिरीत उतरतं हे तिथल्या तिघांनाही ठाऊक होतं. मामा एवढंच म्हणाले की टँकर द्या, विरजण आणतो.

टँकरमध्ये त्यांच्या शेजारी मीही बसले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. लॅबमध्ये थांबवेना.

वेफर्सच्या कारखान्यात आम्ही तीनला पोचलो. ज्याला मामांनी विरजण दिलं होतं तो ऑपरेटर पाया पडायला धावला, पण त्यांचे मॅनेजर मीटिंगमध्ये, मग कागद, मग पुण्याला फोन. सही झाली तेव्हा हायवेवरचे दिवे लागले होते. ऑपरेटरने घाईने टाकीच्या खालच्या तोंडाला पाइप जोडला.

आणि मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सकाळी घेऊ."

माझा तोल गेला. मी त्यांना काय काय बोलले. अंधश्रद्धा, अडाणीपणा, उद्या बाराला व्हॉल्व्ह उघडेल, विहीर तुमचीच जाईल, सगळं. मामा टँकरच्या पायरीवर बसून ऐकत राहिले. बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि हे सगळं माझ्यामुळे झालंय, मामा. टाकीचा व्हॉल्व्ह मी उघडा ठेवला."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "व्हॉल्व्हच्या चाकाला हायपोचा वास येत व्हता."

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. पाच दिवस ते माझ्याबरोबर चुना कालवत होते.

"बोलून गाळ जिता व्हनार व्हता का? तुमी कवा सांगता ते बघत व्हतो."

मी रडले. त्याचं काही विशेष नाही, कुणीही रडलं असतं. मामांनी तोपर्यंत खिशातून सुपारी काढून कातरून खाल्ली. मुक्काम त्यांच्या मुलीकडे झाला. तिच्या सासूने मला आग्रहाने शेंगोळे वाढले आणि मी कुणाची कोण, हे एकदाही विचारलं नाही.

सकाळी सातला आम्ही टाकीपाशी होतो. जोडून ठेवलेल्या पाइपातून मामांनी आधी बादलीभर गाळ काढला आणि उन्हात धरला. करडा, पिठूळ, बोटाला लागताच विरणारा. मेलेला. त्यांच्या टाकीत अगदी तळाशी बटाट्याची माती साठली होती, आणि संध्याकाळी आम्ही तीच टँकरभर घेऊन गेलो असतो. मामांनी वरचं तोंड उघडायला लावलं. या वेळी बादलीत काळेभोर, मोहरीएवढे दाणे आले, बोटांनी दाबले तरी न फुटणारे. त्यांनी तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरले.

"आपलीच हायेत," म्हणाले. "म्हनून दिव्याच्या उजेडात विरजण द्यायचं नाय, घ्यायचं नाय. देनाऱ्याला दिसत नाय काय देतोय ते."

मग आधी हे का सांगितलं नाहीत, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण सात वर्षांत मी ते कधी विचारलंच नव्हतं. मेमो देणाऱ्यांनीही विचारलं नव्हतं.

परतलो तेव्हा साडेअकरा झाले होते. विरजण टाकीत गेलं, आणि मामांनी पंप करंगळीएवढा उघडला. साहेब म्हणाले, एवढ्याने काय होणार, तळं तर भरलंच. त्यात ते बरोबर होते. नवीन गाळाला फार तर चौथा हिस्सा पाणी झेपणार होतं. साहेब नाल्याच्या व्हॉल्व्हकडे निघाले. येताना टँकर गावातून वळवून मामांनी विहिरीची बाटली भरून घेतली होती, सोमवार नसताना. ती त्यांनी व्हॉल्व्हच्या चाकावर ठेवली आणि साहेबांना म्हणाले की उघडा, तुमचा हुकूम आहे, पण आधी एवढं पिऊन उघडा. पंधरा दिवसांनी परत आणीन, तेव्हा चवीतला फरक सांगायला बरं पडेल.

साहेब बाटलीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता मेमो. मग मी पुढे होऊन जे रजिस्टरमध्ये लिहायला हवं होतं ते तोंडाने सांगितलं, हौद, हायपो, माझी सही, सगळं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. फोन काढला आणि चारपैकी तीन लाइन बंद करायला सांगितलं. ट्रक पिंपळगावच्या बाजारात गेले. त्या हंगामात कारखान्याचं नुकसान झालं, माझी बढती दोन वर्षं लांबली, आणि ते ठीकच होतं.

टाकी सावरायला सहा आठवडे लागले. मामा रोज पंप सुतासुताने वाढवायचे, मी रोज आम्ल काढायची, आणि आता तक्ता भिंतीवर नव्हता. एका सकाळी त्यांनी कान लावला, मला हाताने बोलावलं आणि टोपी धरून बाजूला झाले. मी पहिल्यांदाच कान लावला. पत्रा कोमट होता. आत खूप खाली, भात रटरटावा तसा बारीक आवाज येत होता.

त्यानंतरच्या सोमवारी मामा बाटली घेऊन आले. दोन कप काढले, ओतले, एक स्वतः प्यायले, दुसरा माझ्यासमोर ठेवला आणि नेहमीसारखे दाराकडे वळले. मी कप उचलला आणि उभ्या उभ्या सगळा प्यायले. ते दारातच थांबले होते, पाठमोरे.

"सात वरसांनी प्यालात," ते म्हणाले.

त्यांनी मागे वळूनही बघितलं नव्हतं. बेसिनचा नळ वाजला नाही, एवढंच त्यांना पुरलं असावं. पाणी गार होतं, थोडंसं मचूळ. मी कप पुढे केला आणि आणखी मागितलं.